पहिल्या मॅरेथॉनविषयीं दोन शब्द

(महोत्सवानिमित्त विलेपार्ले येथें भरलेल्या तरुणांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचें भाषण एखाद्या संताच्या चरित्रावर अथवा देवळाच्या इतिहासावर व्हावें, अशी आपणांपैकीं पुष्कळांची अपेक्षा असेल. परंतु पार्ल्यांतील आपल्या कांहीं तरुण-तरुणींनीं येत्या जानेवारींत मुंबई मॅरेथॉनचें पूर्ण अंतर प्रथमच धांवण्याचें ठरविलें आहे, आणि त्यावरून घरोघरीं दोन तट पडले आहेत. कोणी म्हणतात, हे रिकामपणाचे उद्योग. कोणी म्हणतात, ही तपश्चर्याच होय. इतकेंच असतें तर आम्ही मध्यें पडलों नसतों. पण कांहींनीं वांद्र्याच्या मोतमाउलीस नवस केला आहे कीं, वाटेल तें झालें तरी धांव पुरी केल्यावांचून थांबणार नाहीं. हें कानीं आल्यापासून या विषयावर बोलणें आम्हांस कर्तव्य वाटूं लागलें.

मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर 195 मीटर. पार्ल्याहून आगगाडीनें चर्चगेटास जावें आणि परत यावें, तर जेवढा मार्ग होईल, जवळजवळ तेवढा पायांनीं तोडावयाचा. या शर्यतीच्या मुळाशीं जी कथा सांगतात ती सर्वश्रुत आहे: इ. स. पूर्वी 490 सालीं मॅरेथॉनच्या रणांगणावरून एक जासूद अथेन्सपर्यंत धांवत गेला, त्यानें विजयाची वार्ता सांगितली आणि तेथेंच तो गतप्राण झाला. आश्चर्य हें कीं, त्या युद्धाची हकीकत लिहिणारा हिरोडोटस या मरणाचा उल्लेखसुद्धां करीत नाहीं. जासूदास मदत मागण्यासाठीं स्पार्टाकडे धाडल्याचें तेवढें तो सांगतो. मरणाची जोड कित्येक शतकांनंतरच्या लेखकांनीं दिली. लोकांस मात्र तें मरणच आवडलें. आमचें भांडण आहे तें या आवडीशीं.

याहून आम्हांस जवळची अशी एक हकीकत आहे. पहिलें महायुद्ध संपल्यावर पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें मैदानी खेळांचे सामने भरविले, तेव्हां सर दोराबजी टाटा अध्यक्ष या नात्यानें तेथें हजर होते. लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरलेले बहुतेक लोक खेड्यांतील शेतकरी होते. पाय अनवाणी, आणि शास्त्रोक्त तयारीचा गंधही नाहीं. तरी त्यांचा वेळ असा निघाला कीं, यांस युरोपांत धाडावें असें टाटांच्या मनानें घेतलें. 1920 सालीं बेल्जममधील अँटवर्प येथें ऑलिंपिक सामने झाले, त्यांतील मॅरेथॉनला बेळगांवचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार हे उभे राहिले. ऑलिंपिकमध्यें ही धांव धांवणारे आपल्या देशाचे हेच पहिले पुरुष.

सामन्यांच्या आरंभीं, 14 ऑगस्ट रोजीं सकाळीं, अँटवर्पच्या कॅथीड्रलमध्यें कार्डिनल मर्सिये यांनीं युद्धांत मरण पावलेल्या खेळाडूंसाठीं प्रार्थनाविधि चालविला. पुढें 22 ऑगस्टला मॅरेथॉन झाली. त्या वर्षीं अंतर नेहमींहून अधिक, म्हणजे 42 किलोमीटर 750 मीटर होतें. फिनलंडचे कोलेमाइनेन 2 तास 32 मिनिटें 35 सेकंदांत पहिले आले. चौगुले त्यांच्यामागून सुमारें 18 मिनिटांनीं, 2 तास 50 मिनिटें 45 सेकंदांत पोंचले. त्यांचा क्रमांक एकोणिसावा. दातार यांस धांव पुरी करतां आली नाहीं.

एकोणिसाव्यास पदक मिळत नाहीं, आणि अर्ध्या वाटेंत थांबलेल्याचें तर नांवही कोणी घेत नाहीं. आम्ही आज दोघांचींही नांवें मुद्दाम घेतों. आपल्या मुलांपैकीं कोणी चौगुले होईल, कोणी दातार होईल. त्या दिवशीं दुपारीं दोघांसही घरीं ताट सारखेंच वाढलें गेलें पाहिजे. "एवढे महिने पहांटे उठून काय मिळविलेंस?" हा प्रश्न दारांतच विचारणारे वडील आम्हांस माहीत आहेत. ते समोरच बसले आहेत, म्हणून अधिक बोलत नाहीं.

संत पौल हा शर्यतींच्या मुलखांत हिंडलेला पुरुष. करिंथ शहराजवळ मोठे सामने भरत, आणि करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत त्यानें धांवणाऱ्यांच्या संयमाचा दाखला दिला आहे. पुढें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत, मरण समोर उभें असतां, आपली धांव संपविल्याचें तो समाधानानें सांगतो. पण आपण कितवे आलों हें कोठेंही सांगत नाहीं. (जातां जातां हेंही सांगून ठेवितों कीं, ऑलिंपिकचें लॅटिन ब्रीद ज्यांनीं प्रथम आपल्या विद्यार्थ्यांपुढें ठेविलें ते हेन्री दिदों हे डॉमिनिकन धर्मगुरु होते. पाद्र्यानें खेळावर बोलूं नये असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.)

आतां नवसाविषयीं. सप्टेंबरांत वांद्र्याच्या टेकडीवर मेणाचे हातपाय घेऊन जाणाऱ्या भाविकांस आम्ही कधीं हंसलों नाहीं आणि हंसणारही नाहीं. परंतु नवस म्हणजे देवास दिलेलें वचन होय. धर्मसभेच्या कायद्याचें 1191 वें कलम सांगतें कीं, जी गोष्ट शक्य आहे आणि अधिक चांगली आहे तिचाच नवस करावा. छातींत कळ आली, डोळ्यांपुढें अंधारी आली, तरी पाऊल टाकीतच राहावयाचें, ही गोष्ट अधिक चांगली कशी? देवानें सांभाळण्यास दिलेलें शरीर घड्याळाच्या कांट्यावर ओंवाळून टाकण्यांत त्याचा कोणता गौरव होतो? खेळाडू ज्यास आपला आश्रयदाता मानतात त्या संत सेबॅस्तियनचा सण 20 जानेवारीस, म्हणजे शर्यतीच्या आसपासच येतो. त्यानें प्राण दिला तो ख्रिस्ताच्या साक्षीसाठीं. त्याचें नांव घेऊन कोणीं पेडर रोडवर जीव टाकूं नये.

ज्यांनीं असा नवस केला असेल त्यांनीं भीत बसूं नये, आम्हांकडे यावें. योग्य कारण असल्यास खासगी नवसांतून मोकळें करण्याचा अधिकार 1196 व्या कलमानें धर्मग्रामाच्या पाद्र्यास दिलेला आहे, आणि येथें कारण पुरेसें आहे असें आमचें मत आहे. नवस करावयाचाच तर तयारीचा करा: दारू शिवणार नाहीं, झोप चुकविणार नाहीं, जुहूच्या किनाऱ्यावरची सकाळची धांव कंटाळा आला म्हणून टाळणार नाहीं. हें शक्यही आहे आणि चांगलेंही.

शरीराचा हिशेब डॉक्टर सांगतील. आम्ही त्यांचें थोडक्यांत सांगतों. स्नायूंत व यकृतांत सांठलेली साखर साधारणपणें 30 किलोमीटरच्या सुमारास संपत येते, म्हणून वाटेंत थोडें थोडें खावें. मुंबईची हवा जानेवारींतही दमट. घाम येतो पण वाळत नाहीं, आणि अंग तापत जातें. तहानेपेक्षां फार अधिक नुसतें पाणी पिणेंही घातक, कारण त्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें. 2004 सालीं ही शर्यत सुरू झाली तेव्हांपासून पेडर रोडचा चढ धांवणाऱ्यांच्या बोलण्यांत आहे. तो उत्तरार्धांत, पाय थकल्यावर येतो. तेथें चालत गेलें तरी चालेल.

राहिली रविवारची मिस्सा. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारीं पहांटे असते. आदल्या दिवशींच्या संध्याकाळच्या मिस्सेनें रविवारचें कर्तव्य पुरें होतें, हें 1248 व्या कलमांत स्पष्ट आहे. तेव्हां धांवणाऱ्या सर्वांनीं शनिवारीं संध्याकाळच्या मिस्सेस यावें व पुढच्या बांकांवर बसावें. त्या दिवशीं प्रवचन आम्ही आंखूड करूं. मुलांनीं वेळेवर जेवून लवकर निजलें पाहिजे. रविवारीं मिस्सेमुळें आम्हांस येथून हलतां येणार नाहीं. म्हणून केळीं आणि मीठ घातलेलें लिंबाचें सरबत घेऊन पेडर रोडच्या चढाखालीं उभीं राहणारीं दहा-बारा माणसें पाहिजेत. सभा संपल्यावर नांवें द्यावींत. आणि जे उभे राहतील त्यांनीं आपल्यांतला शेवटचा मुलगा किंवा मुलगी तो चढ चढून जाईपर्यंत, अथवा थांबलों असा निरोप येईपर्यंत, तेथून निघूं नये.