राजवाड्याचा पडदा आणि रयतेचा सारा

(रायपूर येथील अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चीनच्या बादशाही दरबारावर बोलावे अशी सूचना आली, तेव्हा काहींनी विचारले की रायपूरच्या कामगारांना त्या राण्यांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रायपूरच्याच इतिहासात सापडते. मात्र आधी चीनकडे वळू.

छिंग राजवटीत मुलकी अधिकाऱ्यांच्या नऊ श्रेणी होत्या. अंतःपुरातील स्त्रियांच्याही आठ श्रेणी होत्या, याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. सम्राज्ञीची नेमणूक वर्षाला 1000 टेल चांदी, तर सर्वांत खालच्या स्त्रीची 30. कापड, मांस, दासी, सारे श्रेणीनुसार. अधिकारी परीक्षा देऊन वर चढे. स्त्री वर चढे ती बहुधा पुत्र प्रसवून. त्सू-शी 1852 मध्ये खालून तिसऱ्या श्रेणीवर वाड्यात आली. 1856 मध्ये तिला मुलगा झाला आणि वर्षभरात तिचा दर्जा कुठल्या कुठे गेला. 1861 मध्ये सम्राट वारला. पाच वर्षांचा मुलगा सिंहासनावर बसला आणि पडद्यामागून त्याच्या नावे कारभार सुरू झाला. 1908 मध्ये मरेपर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, सत्तेची सूत्रे तिच्याच हाती होती. तिच्या क्रौर्यावर आणि विलासावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले. ती चांदी कोणाच्या शेतातून येत होती, हे त्यांतील फार थोड्यांना सांगावेसे वाटले.

भाषांतरकार म्हणून मला येथे एक अडचण नेहमी येते. इंग्रजी पुस्तकांतील एकाच शब्दासाठी आपल्या जुन्या दप्तरांत अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाचे मोल निराळे आहे. 'नाटकशाळा' म्हणजे सरदाराने ठेवलेली नर्तिका. 'कुणबीण' म्हणजे विकत घेतलेली दासी. तिची किंमत रुपयांत नोंदलेली आढळते. व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारने ज्या स्त्रीला गुलाम केले ती 'बटीक'. म्हणजे पेशवाईत न्यायनिवाड्याचा अधिकारीच स्त्रियांचा पुरवठाही करीत होता! राण्यांची नावे बखरींत आली. या स्त्रियांची खर्चाच्या वह्यांत, तीही आली तर. त्या सर्वांना 'गणिका' म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मग त्यांची गुलामगिरी शब्दातच पुसली जाते.

आता आपल्या प्रदेशाकडे येऊ. पहिल्या रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून 1787 पर्यंत छत्तीसगडवर राज्य केले. त्यांच्या मृत्यूनंतर उमाबाई चितेवर गेल्या. दुसऱ्या राणी आनंदीबाई रतनपुरातच राहिल्या आणि कारभारात त्यांचे वजन काही काळ टिकले. पुढे नागपूरहून सुभेदार येऊ लागले. त्यांच्या हाताखाली परगण्यांवर कमाविसदार आणि फडणीस, गावात गौंटिया. वर कोणतीही राणी असो वा कोणताही सुभेदार, गौंटियामार्फत वसूल होणारा सारा थांबला नाही.

1818 मध्ये इंग्रजांनी आप्पासाहेबांना पदच्युत केले आणि तिसऱ्या रघुजींना, एका अल्पवयीन मुलाला, नागपूरच्या गादीवर बसविले. दुसऱ्या रघुजींच्या विधवा बांकाबाई पालक झाल्या. म्हणजे बाल राजा आणि पडद्यामागची राणी, हा प्रसंग पेकिंगच्या त्रेचाळीस वर्षे आधी नागपुरात घडला होता. फरक एवढाच की त्सू-शीच्या पडद्यामागे त्सू-शी होती. बांकाबाईंच्या पडद्यामागे रेसिडेंट जेंकिन्स बसला होता. त्याच काळात छत्तीसगडचे ठाणे रतनपुराहून रायपूरला हलले आणि येथे कर्नल अॅग्न्यू कारभार पाहू लागला. आपल्या शहराचे प्रशासकीय महत्त्व त्या पडद्याच्या आड जन्मास आले.

डिसेंबर 1853 मध्ये रघुजी निपुत्रिक वारले. 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर विकले गेले आणि जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. 1860 मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन प्रासाद लुटून जाळला; येथे त्याच लुटीसाठी कायद्याचा कागद आणि लिलावाचा हातोडा पुरेसा ठरला. बांकाबाईंनी खलिते पाठविले, विनवण्या केल्या. त्या खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. पण त्यांत मागणी होती ती वंशाची आणि इभ्रतीची.

रयतेची मागणी निराळी होती. 1856 मध्ये सोनाखानच्या परिसरात दुष्काळ पडला, तेव्हा जमीनदार नारायणसिंह यांनी व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून लोकांना धान्य वाटले. इंग्रजांनी त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकले; 1857 च्या ऑगस्टमध्ये ते निसटले आणि सोनाखानला जाऊन लढले. त्याच वर्षी नागपुरात बांकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि आपल्या माणसांना उठावापासून परावृत्त केले. 1858 मध्ये त्या नागपुरात वारल्या. नारायणसिंह यांना 10 डिसेंबर 1857 रोजी याच रायपुरात फाशी देण्यात आली.