बिऱ्हाड हलविताना भाड्यावरचा खर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



घरखर्चाच्या एखाद्या अंगावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. मी बिऱ्हाड हलविण्याचा खर्च हा विषय घेतला आहे, आणि त्याला कारण आपल्या गावातच घडले आहे. १९ जानेवारी २०२४ रोजी सोलापूरजवळ कुंभारी येथे रे नगर वसाहतीतील १५ हजार घरांचे वाटप झाले. त्याआधी २००६ साली तेथेच विडी कामगार भगिनींसाठी गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, तीही दहा हजार घरांची. हक्काचे छप्पर मिळाल्याचा आनंद मोठाच. परंतु आठवड्याच्या मजुरीवर चूल पेटते त्या घरात सामान हलविण्याच्या एका दिवसाचा खड्डा भरून काढावयास महिना लागतो.

भाडे बहुधा घरातील पुरुष ठरवितात. शंभर रुपये कमी करून घेतले, या समाधानात घरी येतात. त्या भाड्यात काय आले, हे विचारावयाचे राहून जाते, आणि वरचा सारा खर्च बाईच्या डब्यातून जातो!

पहिली हमाली. ती दोन ठिकाणची असते, येथे चढविण्याची व तेथे उतरविण्याची. ‘हमालीसह’ असे टेम्पोवाला म्हणाला, तर दोन्हीकडची का, आणि कितव्या मजल्यापर्यंत, हे विचारून घ्यावे. लोखंडी कपाट दाराशी ठेवून मंडळी हात झटकतात, आणि जिन्याचे निराळे पैसे मागतात. त्या वेळी घासाघीस करण्याचे त्राण आपल्यात नसते, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. २००५ साली निघालेला तो छोटा टेम्पो, ज्याला आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतो, सुमारे ७५० किलो वजन नेतो. पण संसाराचे सामान वजनाने भरत नाही, जागेने भरते. त्याचा हौदा लांबीला जेमतेम सात फूट. दोन गाद्या, एक दिवाण व पाण्याचे पिंप ठेवले की तो भरलाच. म्हणून दिवाण आधी फुटपट्टीने मोजावा. एका फेरीत मावेल असे समजून ठरविलेले भाडे दुसऱ्या फेरीला दुप्पट होते.

माझ्या शेजारच्या भगिनी कुंभारीला गेल्या, तेव्हा मी वही घेऊन त्यांच्या टेम्पोतच बसले होते. त्या दिवशी सर्वांत महाग पडला तो निरोप. शेजारणी दाराशी जमल्या, कोणी ओटी भरली, कोणी रडल्या, आणि टेम्पो तासभर उभा! थांबण्याचे पैसे टेम्पोवाल्याने लावलेच. ओटी आदल्या संध्याकाळी भरावी, एवढेच मी म्हणते. तसेच संक्रांतीचा आठवडा टाळावा; गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी रस्ते अडतात आणि वळसा आपल्या खर्चाने पडतो.

पुण्यास जावयाचे असल्यास हिशोब निराळा. अंतर सुमारे २५० किलोमीटर, वाटेत टोलनाके. टोल जातानाचाच की रिकाम्या गाडीच्या परतीचाही, चालकाचा भत्ता कोणाकडे, मुक्काम पडल्यास काय, हे सारे कागदावर लिहून घ्यावे. जकात मात्र २०१७ सालापर्यंत राज्यातून पुरती गेली; त्या नावाने कोणी मागितल्यास एक पैसाही देऊ नये. लांबच्या मालाची पावती वाहतूकदाराकडून अवश्य घ्यावी. तीत सामानाची यादी नसेल, तर फुटलेल्या आरशाबद्दल भांडावयाचे कशाच्या आधारावर?

दोर, ताडपत्री, पोती, सुतळी, पंखे काढून पुन्हा बसविणाऱ्याची मजुरी, नव्या घरातील पहिल्या दिवसाचा चहा, हे किरकोळ वाटते. पण वहीत उतरविले की त्याची रक्कम भाड्याच्या जवळ जाते. जुन्या व नव्या घराचे भाडे आठवडाभर एकदम द्यावे लागले, तर तेही याच खात्यात धरावे. माझा ठोकताळा असा, की ठरलेल्या भाड्याइतकी निदान निम्मी रक्कम वेगळ्या पुरचुंडीत बांधून ठेवावी, आणि ती पुरचुंडी टेम्पोत न टाकता कमरेला असावी.

ही वही आता मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांचे बिऱ्हाड हलले असेल त्यांनी आपले आकडे तीत लिहावेत, नाव नको. कुंभारीच्या पानावर सध्या तीनच नोंदी आहेत.