काव्यमास कोणाचा?

(कविमित्रांच्या मंडळात काव्यमासाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



एप्रिलचा हा महिना आपण कवितेसाठी राखून ठेवला, दर शनिवारी या खोलीत जमलो, एकमेकांच्या कविता ऐकल्या, आणि आज समारोपाचे चार शब्द बोलण्याचे काम आपण माझ्यावर सोपविले. अशा प्रसंगी गौरवाची भाषा वापरण्याचा प्रघात आहे. तो मी आज पाळणार नाही. कारण गेल्या शनिवारची एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही.

आपल्यातील एका तरुण यंत्रमाग कामगाराने रात्रपाळीवरची कविता वाचली. आपण नेहमीप्रमाणे ‘वा, वा’ म्हणालो, टाळ्या वाजविल्या, चहा झाला. जिना उतरताना त्याने मला हळूच विचारले, “भाऊ, शेवटच्या चार ओळी मला स्वतःलाच खोट्या वाटतात. तुम्हाला नाही वाटल्या?” वाटल्या होत्या. मागांच्या खडखडाटात बहिऱ्या होत जाणाऱ्या कानांविषयी त्याने जे लिहिले होते ते अस्सल होते. अखेरीस उगवलेला तांबडा सूर्य मात्र उसना होता, आणि तोही आमच्याच पिढीकडून घेतलेला. हे मला भर बैठकीत सांगता आले असते. मी सांगितले नाही. कामगार आहे, नवा आहे, दुखावेल, असा विचार मी केला. स्पष्टच बोलायचे तर मी त्याला बरोबरीचा कवी मानले नाही.

आपण जो काव्यमास साजरा केला त्याची मूळ कल्पना आपली नव्हे. अमेरिकेतील ‘अकॅडमी ऑफ अमेरिकन पोएट्स’ या संस्थेने १९९६ साली एप्रिल हा राष्ट्रीय काव्यमास म्हणून पाळण्यास आरंभ केला. तेथे फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांच्या आणि मार्चमध्ये स्त्रियांच्या इतिहासाचा महिना पाळला जात होता. त्याच धर्तीवर कवितेलाही एक महिना मिळाला. पुढे २००३ पासून तीस दिवसांत तीस कविता लिहिण्याचा उपक्रमही सुरू झाला. (आपल्यापैकी दोघांनी तो यंदा पुरा केला. त्या साठ कवितांपैकी किती ठेवाव्यात, हा प्रश्न मी त्यांच्या विवेकावर सोडतो.) या महिन्यावर टीकाही झाली आणि ती कवींनीच केली. चार्ल्स बर्नस्टीन यांचा आक्षेप असा की, अशा सोहळ्यांतून कोणालाही न बोचणारी, निरुपद्रवी कविताच पुढे केली जाते. हा आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे. परंतु २००१ सालच्या काव्यमासात टपाल तिकिटावर कोणता कवी हवा असा कौल घेण्यात आला, तेव्हा लोकांनी सर्वाधिक मते दिली ती लँग्स्टन ह्यूज यांना. ज्या कृष्णवर्णीय कवीला १९५३ साली मॅकार्थीच्या समितीपुढे उभे राहून आपल्या डाव्या विचारांविषयी जाब द्यावा लागला होता, त्यांना! २००२ मध्ये ते तिकीट निघाले. लोकांना विचारले तर लोक नेहमीच निरुपद्रवी कवी निवडतात असे नाही.

या महिन्याच्या इतिहासात जोसेफ ब्रॉडस्की हे नाव मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९६४ साली लेनिनग्राडमध्ये त्यांच्यावर ‘ऐतखाऊ’ म्हणून खटला चालला. तुम्हाला कवींच्या पंक्तीत कोणी बसविले, असे न्यायाधीशांनी त्यांना विचारले. कोणीच नाही, असे सांगून त्यांनी उलट विचारले, मला माणसांच्या पंक्तीत तरी कोणी बसविले? शिक्षा झाली, पुढे १९७२ मध्ये देश सोडावा लागला. समाजवादाचे नाव घेणाऱ्या राजवटीने हा प्रश्न विचारावा, याची लाज आपणही बाळगली पाहिजे. तेच ब्रॉडस्की अमेरिकेत राजकवी झाल्यावर, १९९१ साली, म्हणू लागले की कवितेची पुस्तके स्वस्तात छापून सर्वत्र ठेवा, येता-जाता माणसाच्या हाताला लागतील अशी ठेवा. अँड्र्यू कॅरोल या तरुणाला बरोबर घेऊन त्यांनी १९९३ साली तसे कामही सुरू केले. जानेवारी १९९६ मध्ये ते वारले. पहिला काव्यमास त्यांना दिसला नाही. पण १९९८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कपासून कॅलिफोर्नियापर्यंत कवितेची एक लाख पुस्तके फुकट वाटली गेली, ती त्याच कामातून.

आता आपल्याकडे वळू. कविमित्रांचे मंडळ ही गोष्ट मराठीला नवी नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश यांनी कविता पुस्तकातून उठवून श्रोत्यांपुढे आणली, गाऊन दाखविली. हे त्यांचे ऋण आहे. पण मंडळ म्हटले की परस्परांची पाठ थोपटणे आलेच. तेव्हा ‘केशवकुमार’ हे नाव घेऊन अत्रे बाहेर उभे होते आणि ‘झेंडूची फुले’ लिहून त्यांनी ती हवा काढून घेतली. आपल्या मंडळाबाहेर कोणी अत्रे उभा नाही. आपली टवाळी करण्याइतकेही आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही, ही वस्तुस्थिती आहे.

आणि याच एप्रिलमध्ये, या खोलीपासून हाकेच्या अंतरावर, काय चालू होते? अकरा तारखेला जोतीरावांची जयंती झाली, चौदाला बाबासाहेबांची. वस्तीच्या मैदानात मांडव पडला, रात्री गायनपार्टी आली, आणि मध्यरात्र उलटली तरी आयाबाया मांडीवर पोरे घेऊन बसून होत्या. सत्यशोधकी जलशांपासून आंबेडकरी जलशांपर्यंत आणि तेथून वामनदादा कर्डकांपर्यंत चालत आलेली ही परंपरा आहे. वामनदादा २००४ साली गेले. त्यांची गाणी अद्याप गायली जातात, पुष्कळदा कवीचे नाव माहीत नसताना. महाराष्ट्राचा एप्रिल हा कोणी जाहीर न करताच काव्यमास होता. आपण मात्र खिडकी लावून घेतली. ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने आपल्या काव्यवाचनात व्यत्यय येत होता म्हणून! खिडकी लावणाऱ्यांत मी होतो, हेही नोंदवून ठेवतो.

त्या मांडवातील प्रत्येक गीत थोर होते असा माझा दावा नाही. ठोकळेबाज यमके तेथेही असतात. पण तेथला श्रोता गाणे कंटाळवाणे झाले की उठून विडी ओढायला जातो आणि कवीला ते दिसते. आपण मात्र सौजन्याने बसून राहतो.

म्हणून पुढील बैठकीपुरत्या दोन सूचना करतो. ती या खोलीत न भरविता मागवाल्यांच्या वस्तीतील समाजमंदिरात भरवावी. दिवसपाळी सुटते त्या वेळी. जागेसाठी मी बोलून ठेवले आहे, सतरंज्या मात्र आपल्याला न्याव्या लागतील. दुसरे असे की, कविता वाचून झाल्यावर टाळ्या न वाजविता आधी कोणी तरी एकाने तिच्यातील खोटी ओळ दाखवावी, आणि सुरुवात माझ्या कवितेपासून व्हावी.

त्या तरुण मित्राशी मी काल बोललो. त्याने शेवटच्या चार ओळी काढून टाकल्या आहेत. आता कविता मागाच्या आवाजातच, मध्येच तुटल्यासारखी थांबते. तो आज पाळी बदलून आला आहे. अध्यक्षांची अनुमती असेल तर त्याने ती पुन्हा वाचावी, अशी माझी विनंती आहे.