आधी रस्ता, मग रेशो



नवा ट्रक घ्यायला गेलेला मालक काय विचारतो? हॉर्सपॉवर किती, पासिंग किती टनांचं, ॲव्हरेज किती, हप्ता किती बसेल. मागच्या हौसिंगमध्ये कोणतं क्राउन-पिनियन आहे, हे फार थोडे विचारतात. गाडी घाटात दम टाकू लागली की मग आठवतं, आणि तोवर क्लचप्लेट जळालेली असते. म्हणून मालवाहतूकदार आणि मेकॅनिकांच्या या संमेलनात अध्यक्षपदावरून आज मागच्या ॲक्सलच्या रेशोबद्दलच बोलायचं आहे.

क्राउनला ४१ दाते आणि पिनियनला ६, तर रेशो ६.८३. पिनियनला ७ असतील तर ५.८६. फरक एका दात्याचा, पण पहिल्या जोडीने चाकावर सुमारे १७ टक्के जास्त ओढ येते. त्याची किंमत वेगात आणि डिझेलमध्ये द्यावी लागते. १०.००-२० चा टायर एका किलोमीटरला साधारण ३१० फेरे घेतो. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. टॉप गियर डायरेक्ट असेल, तर तेव्हा ६.८३ च्या गाडीचं इंजिन २१०० च्या पुढे फिरत असतं आणि ५.८६ चं १८०० च्या आसपास. गियरबॉक्सला ओव्हरड्राइव्ह असेल तर हे आकडे उतरतात, म्हणून गियरबॉक्स आणि ॲक्सल एकत्रच तपासावेत.

आणि ४१ च का? त्याला ६ नेही भाग जात नाही आणि ७ नेही. त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दाता क्राउनच्या प्रत्येक दात्याला आळीपाळीने भिडतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. हे योजणाऱ्यांना मनापासून दाद द्यावी.

आता रस्त्याकडे या. नाशिकचा कांदा मुंबईला नेणारी गाडी कसारा घाट भरलेली उतरते. परतताना ती रिकामी येणार की लोखंड भरून, यावर तिचा रेशो ठरतो. लोखंड भरून जुन्या घाटाने चढायचं असेल तर मोठा रेशोच हवा. पण जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाला आणि इगतपुरीजवळच्या सुमारे ८ किलोमीटरच्या बोगद्याने तो घाट टळला. त्याच दोन शहरांमध्ये, तोच माल नेणाऱ्या दोन मालकांनी आता वेगवेगळे रेशो घेतले, तर दोघेही बरोबर असू शकतात. खाणीतून खडी काढणाऱ्या टिपरबाबत मात्र चर्चाच नको. तिथे ओढ आधी.

जुन्या ट्रकच्या अनुभवावर नवा घेणाऱ्यांनी एक ध्यानात घ्यावं. जुलै २०१८ मध्ये चार टायरच्या सिंगल ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टनांवर गेली. जुना हिशेब जुन्या वजनाचा आहे.

सेकंडहँड गाडीच्या कागदावर विसंबू नये. पुढची चाकं अडवावीत, गाडी न्यूट्रलला ठेवावी, मागच्या एकाच बाजूला जॅक लावून आतल्या-बाहेरच्या टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूने खूण करावी. टेकलेलं चाक जागच्या जागी असल्याने उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवावं आणि शाफ्टचे फेरे मोजावेत. सातला थोडे कमी भरले तर ६.८३, सहाला थोडे कमी भरले तर ५.८६. टँडम गाडीत दोन्ही ॲक्सलची दातेसंख्या उघडून पाहावी. दोन्हींचे रेशो जुळलेच पाहिजेत, नाहीतर ॲक्सल एकमेकांशी झगडून टायर आणि गियर खातात. कोटेशनवर रेशो छापून मिळावा, अशी मागणी विक्रेत्यांकडे याच संमेलनाने लेखी करावी.