मांजराचे पिलू उचलण्याआधी



ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती ज्येष्ठ वद्य नवमीला, आमच्या विश्रांतवाडीवरून. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणूसच माणूस असते. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पालखी पुढे गेली, गर्दी ओसरली, आणि मुलीला घेऊन मी घरी निघालो होतो. चहाच्या एका टपरीमागे, केळ्यांच्या सालींच्या ढिगाशेजारी, मांजराचे एक पिलू केविलवाणे ओरडत होते. मुठीत मावेल एवढे. डोळे उघडले होते, पण पाय लटपटत होते. मी इकडेतिकडे पाहिले, पिलू उचलले आणि छत्रीखाली धरून घरी नेले. आपले वडील फार दयाळू आहेत, असे मुलीला वाटले. खरे सांगू? मलाही तसेच वाटले.

घरी कापसाच्या वातीने त्याला गाईचे दूध पाजले. रात्री त्याला हगवण लागली. सकाळी ते अगदी मलूल पडले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांकडे धाव घेतली. त्यांनी औषध दिले आणि दोनच प्रश्न विचारले. "गाईचं दूध दिलंत ना? आणि याची आई कुठाय?"

मी टपरीवर गेलो. टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "अहो सर, ते पिल्लू तुम्ही नेलंत होय? त्याची आई रात्रभर इथं ओरडत फिरत होती!"

मी मान खाली घातली. पिलाला वाचवल्याचे समाधान मी रात्रभर भोगले होते, आणि केले काय होते, तर त्याला आईपासून तोडले होते.

मांजरी अन्न शोधायला पिले सोडून जाते. जागा धोक्याची वाटली की एकेक पिलू तोंडात धरून हलवते. मांजर पिलांना सात घरे हिंडवते, असे आपण म्हणतो ते याचमुळे. तेव्हा एकटे दिसलेले पिलू पोरकेच असते, असे नाही. ते जखमी असेल, गारठले असेल, रहदारीत सापडले असेल तर लगेच उचलावे. एरवी दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. माणूस जवळ उभा असेल तर मांजरी येत नाही.

डॉक्टरांच्या औषधाने पिलू सावरले. त्यांच्याच सल्ल्याने संध्याकाळी त्याला खोक्यात घालून त्याच जागी ठेवले. तासाभराने मांजरी आली, हुंगली, आणि मानेला धरून त्याला घेऊन गेली. माणसाचा हात लागला की मांजरी पिलू टाकते, हा समज काही खरा नाही.

पण समजा, आई आलीच नाही, तर? मग पहिली गोष्ट ऊब. गारठलेल्या पिलाला दूध पाजू नये, ते त्याला पचत नाही. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवावी. पिलाचे डोळे साधारण एक ते दोन आठवड्यांत उघडतात, आणि महिनाभर तरी त्याला आईचेच दूध हवे. गाईचे दूध त्याला सोसत नाही. मांजराच्या पिलांसाठी वेगळी दूधपावडर मिळते. ती डॉक्टरांना विचारून, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा द्यावी लागते. पाजताना पिलाला उताणे धरू नये. दूध श्वासनलिकेत जाते.

तत्त्वज्ञानात दोन दृष्टांत आहेत. माकडाचे पिलू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगते, तो मर्कटकिशोर न्याय. मांजराचे पिलू काहीच धरत नाही, आईच त्याला उचलते, तो मार्जारकिशोर न्याय. रामानुजाचार्यांच्या अनुयायांत, भक्ताने काय करायचे आणि देवाने काय, हा वाद या दोन दृष्टांतांनी मांडला गेला. वर्गात मी हे शिकवतो. पण त्याचा व्यवहारातला अर्थ मला त्या रात्री कळला. जे स्वतः धरत नाही, त्याचा सगळा भार उचलणाऱ्यावर असतो.

पुढे अडीच-तीन महिन्यांनी ती मांजरी दिसेनाशी झाली. पिलू टपरीपाशी एकटेच बसू लागले. या वेळी आम्ही घाई केली नाही. आधी घरात बसून बोललो. रोज खायला कोण घालणार? वाळूचे खोके कोण साफ करणार? सुट्टीत गावी गेलो तर कोण पाहणार? लस आणि औषधपाणी यांचा खर्च झेपेल का? उत्तरे मिळाली, तेव्हाच त्याला आणले. रेबीजची लस टोचली आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास शस्त्रक्रिया करून घेतली.

शस्त्रक्रिया म्हटली की लोक हळहळतात. पण हिशेब पाहा. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, आणि नऊ आठवड्यांत विते. वर्षातून दोन-तीन वेळा. मग खेड्यात काय होते? पिले पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवेवर सोडली जातात. हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. राज्यसभेच्या सदस्य आणि नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी संसदेत आग्रह धरला होता. उपाशीतहानलेला राहील अशा रीतीने प्राणी सोडून देणे या कायद्याने दंडनीय आहे.

शेतकरी बंधूंना आणखी एक सांगतो. मांजर उपाशी ठेवले की उंदीर जास्त मारते, असे मानतात. तसे नाही. पोट भरलेले मांजरही शिकार करते. दुबळे मांजर मात्र आजारी पडते.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुले शाळेत पिलू घेऊन येतील. त्यांना रागावू नका, आणि लगेच शाबासकीही देऊ नका. "कुठं सापडलं? आई येते का पाहिलंस का?" एवढे विचारा. आणि हे जरूर शिकवा. मांजर चावले, ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. चुना नाही, हळद नाही, मिरची नाही. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा आणि सांगतील तेवढ्या सगळ्या सुया घ्यायच्या. लुई पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या एका मुलाला ही लस टोचली आणि तो वाचला. पण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र उपाय उरत नाही. म्हणून पोराने घाबरून ओरखडा लपवू नये, इतके आपले त्याच्याशी नाते हवे.

ते पिलू आता चांगले दांडगे मांजर झाले आहे. मी उत्तरपत्रिका तपासायला बसलो की नेमके त्यांच्यावर येऊन झोपते. मुलीने परवा विचारले, "बाबा, त्या पहिल्या रात्री आपण चुकलो ना?" मी म्हटले, "हो, चुकलो." दया येणे ही फक्त सुरुवात आहे, श्रोतेहो. हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबा. आणि एकदा उचललेत, की मग खाली ठेवू नका.