तोच चौक, तीच गर्दी



३० मार्च १९८२ रोजी महागाईने गांजलेले कामगार ब्यूनस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकाकडे निघाले. लष्करी राजवटीने लाठ्या चालविल्या, शेकडोंना अटक केली. तीनच दिवसांनी जनरल गाल्तिएरींचे सैन्य फॉकलंड बेटांवर उतरले आणि त्याच चौकात जयघोष दुमदुमला! आरमार २८ मार्चलाच निघाले होते, म्हणजे बेत आधीचा. पण असंतोष तरी कुठे कालचा होता? बेटांविषयीची लोकभावना मात्र खरी, म्हणूनच ती वापरता आली.

१४ जूनला शरणागती. अर्जेंटिनाचे ६४९ जण गेले. त्यांत सक्तभरतीची अठरा-एकोणीस वर्षांची मुले पुष्कळ. गाल्तिएरी त्याच आठवड्यात पायउतार झाले. इकडे ब्रिटनमध्ये बेकार तीस लाखांवर असूनही थॅचरबाईंना जून १९८३ मध्ये प्रचंड बहुमत लाभले.