वंशावळीत आजी कुठं आहे?

(लोहा येथे बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण.)



आधी एक साधं काम सांगते. आपल्या आईच्या आईचं नाव आठवा. आलं? आता तिच्या आईचं. आणि तिचं माहेरचं आडनाव? बघा, कुजबूज थांबली. मलाही येत नव्हतं. एम.एस.डब्ल्यू. झाले, चार लोकांत बोलते, पण पणजीचं नाव मला मागच्या वर्षी कळलं, तेही तिच्या धाकट्या बहिणीच्या सुनेकडून.

२०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघर जुने कागद शोधणं सुरू झालं. खासरा पत्रक, कोतवाल बुक, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द बायकांच्याही तोंडी आले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याला भाव आला. आरक्षणाचा वाद मी इथं काढत नाही. पण या शोधात विचारतात ते बाप, आजा, पणजा, चुलता. आत्या चालते, मावशी चालत नाही.

नवऱ्यानं टाकलेली एक बाई माझ्याकडे आली. लेकीचा जातीचा दाखला काढायचा होता. कागद सासरी. चार चकरा झाल्या. दीर म्हणाला, आधी पोटगीचा दावा काढून घे. मी तिला विचारलं, सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं नाव येतं का? तिनं चार पिढ्या घडाघडा सांगितल्या, कोण कुठल्या शाळेत होता तेसुद्धा. मग आम्हीच अर्ज करून नकला मागवल्या. दावा तिनं काढला नाही. त्याच बाईला आपल्या आजीचं नाव मात्र सांगता आलं नाही.

जुन्या कागदात पुरुषाच्या नावापुढं ‘वल्द’ किंवा ‘बिन’, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या पुढं ‘जौजे’, ‘मर्द’, ‘भ्रतार’, म्हणजे अमक्याची बायको. नवरा वारला की ‘बेवा’. त्यातून लग्नात तांदळात नवं नाव लिहून पहिलं मोडायचं, मग माहेरची गंगू सासरच्या कागदात सापडणार कशी? आडनावाचं तरी काय, कितीतरी जुन्या नोंदींत ते नसतंच. कुणी गावावरून ‘कर’ झालं, कुणी वतनावरून पाटील, देशमुख. आणि त्यावरून आपल्याकडे केवढी मिजास!

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात आज लोक तीन-साडेतीनशे वर्षांमागच्या पणजीपर्यंत पोचतात. १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजानं तिथं वसाहत वाढवायला सुमारे आठशे मुली पाठवल्या. बऱ्याचशा गरीब, काही अनाथ. त्यांना कुणी समान हक्क दिले होते असं नाही. पण चर्चच्या वहीत लग्न लिहिताना पाद्री नवरीचं माहेरचं आडनाव आणि बहुधा तिच्या आईबापांची नावंही लिहायचा. पुढंही कागदोपत्री बाई माहेरच्याच नावानं राहिली. १९८१ पासून तर लग्नानंतर आपलंच नाव ठेवायचं, असा तिथला कायदा आहे.

आपल्याकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं सरकारी कागदावर आधी आईचं नाव, मग बापाचं. चांगलं झालं. पण तलाठ्याकडे वारस नोंदीला जी वंशावळ जाते, ती लिहितं कोण? भाऊ. त्यात तीन मुलगे दिसतात, दोन बहिणी गाळलेल्या असतात. नाहीतर राखीच्या दिवशी हक्कसोडपत्रावर अंगठा घेतलेला असतो. राज्याच्या १९९४ च्या कायद्यानं मुलीला वडिलार्जित जमिनीत हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या लेकी बाहेर ठेवल्या. २००५ च्या केंद्राच्या कायद्यानं ती अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा हक्क जन्मानं येतो, २००५ साली बाप हयात नव्हता म्हणून तो जात नाही. २००४ च्या आत रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी फेरफाराची नक्कल काढा. वंशावळ जोडलेली असेल तर तीही मागा. आपलं नाव आहे का ते बघा, आत्याचंही बघा.

दाराशी टेबलावर एक वही ठेवली आहे. जाताना आई, आजी, पणजी, जेवढी येतील तेवढी नावं माहेरच्या आडनावासकट त्यात घाला. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, पोरी लिहून घेतील. माळेगावच्या जत्रेत मावशी, मामी भेटल्या तर राहिलेली नावं तिथं विचारा. पहिल्या पानावर माझ्या पणजीचं नाव आहे. आडनाव अजून सापडायचंय.